अठ्ठावीस मीटरांचा वेग

१६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केलं. त्या शर्यतीचे वीस-वीस मीटरांचे टप्पे मोजले गेले आहेत. पहिल्या २० मीटरांना त्याला २.८९ सेकंद लागले, तर ६० ते ८० मीटरांच्या टप्प्याला फक्त १.६१. जगातल्या सर्वांत वेगवान माणसालाही आपल्या पुऱ्या वेगात यायला अर्ध्याहून अधिक शर्यत लागली. बास्केटबॉलचं कोर्ट २८ मीटर लांब असतं. एका बेसलाइनपासून दुसऱ्या बेसलाइनपर्यंत सरळ धावायला मिळालं, तरी बोल्टचा तो टप्पा सुरू होण्याच्या कितीतरी आधी कोर्ट संपतं. त्यातही सरळ धावायला मिळतं कुठे? वाटेत प्रतिस्पर्धी आडवा येतो, चेंडू हाताखाली खेळवावा लागतो आणि चार पावलांनंतर थांबून भलत्याच दिशेला वळावं लागतं.

तरीही बास्केटबॉलच्या संघासाठी मुलं निवडताना अनेक ठिकाणी मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, नाहीतर १०० मीटर धावायला लावून घड्याळ बघतात. जो पुढे येतो तो ‘फिट’ ठरतो, आणि मागे राहणारा घरी जातो. या पद्धतीत एक मोठा अन्याय आहे. खेळ जे मागतो ते मोजलंच जात नाही, आणि जे मोजलं जातं त्यावर एखाद्या मुलीचं किंवा मुलाचं खेळणं ठरतं. बास्केटबॉलपटूचा वेग कोर्टच्या मापानेच मोजायला हवा, आणि मोजलेला आकडा आधी त्या खेळाडूच्या उपयोगी पडायला हवा. या लेखात हेच दोन मुद्दे सविस्तर मांडायचे आहेत.

धावू नका, असं सांगणारा खेळ

हा खेळ जन्मला तेव्हा त्यात वेगाला फारशी जागा नव्हती. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नाइस्मिथ यांना हिवाळ्यात बंद जागेत खेळता येईल असा खेळ हवा होता. त्यात धसमुसळेपणा कमी असावा, अशीही अट होती. त्यांनी १३ नियम लिहिले. चेंडू हातात घेऊन धावायचं नाही, हा त्यांतला एक. चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं, म्हणजे ड्रिबलिंग, नंतर रुळलं आणि त्याच्याबरोबर वेग आला.

खेळाला खरी गती दिली ती घड्याळाने. २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. चेंडू आपल्याकडेच ठेवून वेळ काढायचा, एवढीच पिस्टन्सची त्या दिवशीची रणनीती होती. असे सामने बघायला प्रेक्षक येईनात. १९५४ मध्ये एनबीएने २४ सेकंदांत बास्केटकडे चेंडू मारण्याचं बंधन घातलं. आंतरराष्ट्रीय महासंघ असलेल्या फिबाने आधी ३० सेकंद ठेवले होते, ते २००० मध्ये २४ वर आणले. त्याच वर्षी चेंडू आपल्या अर्ध्या कोर्टातून पुढे नेण्याची मुदत १० सेकंदांवरून ८ वर आली आणि सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत विभागला गेला. प्रत्येक बदलाने खेळाडूला अधिक वेळा, अधिक तातडीने धावायला लावलं. शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांचं महत्त्व वाढलं ते यामुळेच.

चाळीस मिनिटांत काय घडतं

चाचणी ठरवण्याआधी सामना वाचावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय लीगच्या खेळाडूंवरचा एक अभ्यास १९९५ मध्ये मॅकइन्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी चित्रफितींवरून एकेक हालचाल मोजली. एका सामन्यात खेळाडूच्या सरासरी हजाराच्या आसपास हालचाली होतात, म्हणजे साधारण दर दोन सेकंदांनी तो काहीतरी वेगळं करू लागतो. चालणं, धावणं, आडवं सरकणं, उडी, थांबणं यांची ती अखंड अदलाबदल असते. जोरकस धावा सुमारे १०५ होत्या आणि त्यांतली एकेक सरासरी अवघ्या १.७ सेकंदांची होती. खेळ चालू असताना दर २१ सेकंदांनी अशी एक धाव पडत होती. चालू खेळातला तीन चतुर्थांश वेळ हृदयाचे ठोके त्या खेळाडूच्या कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांहून वर होते.

ट्युनिशियात एकोणीस वर्षांखालच्या खेळाडूंवर बेन अब्देलकरीम आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये आला. तिथेही एका सामन्यातल्या हालचाली हजारावरच गेल्या, आणि पूर्ण जोराच्या धावा पन्नाशीच्या पुढे होत्या.

या आकड्यांत चाचण्यांचा आराखडाच दडलेला आहे. सर्वांत मोलाची धाव दोन सेकंदांची असते, म्हणून पहिले ५ आणि १० मीटर मोजायला हवेत. खेळाडू सतत थांबतो आणि वळतो, म्हणून ब्रेक आणि वळण मोजायला हवं. तीच धाव पुनःपुन्हा करावी लागते, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या धावेतला फरक मोजायला हवा. हे सगळं चाळीस मिनिटं टिकवायचं असतं, म्हणून दमही मोजायला हवा, पण तो थांबत-धावत मोजायला हवा.

अमेरिकेतल्या विद्यापीठ पातळीच्या संघाचा हॉफमन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९६ चा आहे. कोणाला किती मिनिटं खेळायला मिळालं याचा त्यांनी चाचण्यांशी ताळा घातला. उभी उडी, छोटी धाव आणि चपळाई यांचा खेळायच्या मिनिटांशी संबंध दिसला. लांब दौडीतल्या चांगल्या वेळेने मात्र कोर्टवरची मिनिटं वाढत नव्हती. मैदानाला फेऱ्या मारायला लावून संघ निवडणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात ठेवावा.

पेटीभोवतीची परीक्षा

एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीआधी होणाऱ्या ‘कम्बाइन’मध्ये या सगळ्याचं एक रूप दिसतं. बेसलाइनपासून पलीकडच्या फ्री थ्रो रेषेपर्यंत, म्हणजे ७५ फूट किंवा सुमारे २३ मीटर धाव. जागेवरून उडी आणि धावत येऊन उडी. बास्केटसमोरच्या आयताकृती पेटीच्या कडेने फिरण्याची ‘लेन अ‍ॅजिलिटी’ चाचणी: एका बाजूने पुढे धावायचं, मग आडवं सरकायचं, मग पाठमोरं मागे यायचं, पुन्हा आडवं सरकायचं आणि तीच फेरी उलट्या दिशेने पूर्ण करायची. ही शेवटची चाचणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. डिफेन्स करताना खेळाडूचे पाय नेमके याच चार प्रकारे हलतात.

पण याच चाचण्यांच्या इतिहासात एक इशाराही आहे. २००७ च्या निवडीआधी केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांचा, म्हणजे ८४ किलोंचा भार बेंच प्रेसवर एकदाही उचलता आला नाही, आणि त्याची बरीच चर्चा झाली. त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडलं गेलं, आणि २०१४ मध्ये तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. निकोला योकिच २०१४ च्या निवडीत ४१ वा होता. उंच उडी किंवा धाव यांसाठी त्याला कोणी कधी नावाजलं नाही. २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. चेंडू कुठे जाणार हे आधी ओळखणं, योग्य क्षणी पास देणं, दमलेलं असताना डोकं शांत ठेवणं हे कुठलंही स्टॉपवॉच टिपत नाही. चाचणी शरीराची एक बाजू सांगते. खेळाडूची पूर्ण ओळख ती देत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणाऱ्या प्रशिक्षकाच्या हातून चांगली मुलं निसटतात.

वेग मोजायचा कसा

वीस मीटरांच्या धावेत दोन चांगल्या खेळाडूंमधला फरक सेकंदाचा एक दशांश असू शकतो. हाताने स्टॉपवॉच दाबणाऱ्याची चूक सहज तेवढी होते. अ‍ॅथलेटिक्समध्ये हाताने घेतलेली १०० मीटरची वेळ विद्युत घड्याळाच्या वेळेशी ताडताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याची पद्धत आहे. त्यामुळे हाताने घेतलेल्या एका वेळेवर दोन मुलींत निवड करणं म्हणजे मोजणाऱ्याच्या अंगठ्यावर निवड करणं आहे.

मोठ्या संस्थांत यासाठी प्रकाशकिरणांची फाटकं असतात. खेळाडू किरण तोडतो आणि घड्याळ चालू किंवा बंद होतं. छोट्या क्लबला ती परवडत नाहीत, पण आज अनेकांच्या खिशात सेकंदाला २४० चित्रं टिपणारा फोन असतो. तो तिवईवर, रेषेच्या अगदी समोर लावला, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंतचं अंतर सेकंदाच्या हजार भागांतल्या सुमारे चार भागांएवढं राहतं. ५, १० आणि २० मीटरांच्या रेषांवर शंकू ठेवायचे, रेषेमागे ठरावीक अंतरावरून सुरुवात करायची, पाय आधी हलवायचा नाही, आणि प्रत्येकाला मध्ये पुरेशी विश्रांती देऊन तीन संधी द्यायच्या. कोर्ट २८ मीटरांचं असल्याने २० मीटरांनंतर थांबायला जागा उरते; पलीकडे भिंत जवळ असेल तर सुरुवातीची रेषा मागे घ्यावी.

उडीसाठीही हाच फोन पुरतो. हार्वर्डच्या व्यायामशाळेशी जोडलेले डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये उभ्या उडीची चाचणी मांडली. भिंतीवर खडूची खूण करायची ती पद्धत आजही चालते. फोनवर मोजायचं असेल तर पाय जमीन सोडतात आणि पुन्हा टेकतात यांमधला वेळ घ्यायचा. अर्धा सेकंद हवेत म्हणजे सुमारे ३१ सेंटिमीटर उडी, सहा दशांश सेकंद म्हणजे सुमारे ४४. अट एकच: हवेत गुडघे वर ओढायचे नाहीत.

वळण मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियात रुळलेली ‘५-०-५’ चाचणी मला सर्वांत उपयोगी वाटते. दहा मीटर धावत यायचं, तिथून घड्याळ सुरू. पुढचे पाच मीटर जाऊन रेषेवर पाय टेकून मागे वळायचं आणि पाच मीटर परत यायचं. ही वेळ दहा मीटरांची सरळ धाव आणि मध्ये एक वळण यांची असते. तिच्यातून दहा मीटर सरळ धावेची वेळ वजा केली की उरते ती वळणाची किंमत. समजा, दोन मुलांची ‘५-०-५’ ची वेळ सारखी आली, पण पहिल्याची सरळ धाव जास्त वेगवान आहे. मग तो वळताना जास्त वेळ गमावतो आहे. त्याला आणखी स्प्रिंट मारायला लावण्यात अर्थ नाही. त्याला खाली बसून ब्रेक लावायला, पाय रोवायला आणि मांड्यांची ताकद वाढवायला शिकवायला हवं. चाचणी उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही पायांवर घ्यावी. दोन बाजूंत मोठा फरक दिसला तर तो पूर्वी पाय मुरगळल्याचा माग असू शकतो.

दम म्हणजे नेमकं काय

आपल्या कोर्टांवर जिला सगळे ‘सुसाइड’ म्हणतात, ती रेषांची धाव या खेळाची जुनी कसोटी आहे. बेसलाइनवरून जवळची फ्री थ्रो रेषा आणि परत, मध्यरेषा आणि परत, पलीकडची फ्री थ्रो रेषा आणि परत, शेवटी पलीकडची बेसलाइन आणि परत. फिबाच्या कोर्टवर हे अंतर बरोबर १४० मीटर भरतं आणि त्यात सात वळणं येतात. ती शिक्षा म्हणून दिली जाते हे दुर्दैव आहे. ठरावीक विश्रांती देऊन तीन-चार वेळा घेतली आणि प्रत्येक वेळ नोंदवली, तर तिच्यातून खेळाडूची टिकण्याची ताकद दिसते. पहिली वेळ उत्तम आणि चौथी घसरलेली असेल तर काम वेगळं, आणि चारही सारख्याच पण मंद असतील तर काम वेगळं.

यामागे स्नायूंचा हिशेब आहे. दोन सेकंदांच्या स्फोटक धावेला लागणारी ताकद स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिन नावाच्या साठ्यातून येते. घराच्या गच्चीवरच्या छोट्या टाकीसारखा तो असतो: नळ सोडताच भराभर रिकामा होतो आणि खालून पंपाने हळूहळू भरत राहतो. अर्ध्या-एक मिनिटात तो निम्म्याच्या आसपास भरतो, पुरता भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. सामन्यात तेवढी सवड मिळत नाही. फाउलची शिट्टी, फ्री थ्रो, टाइमआउट अशा तुटक क्षणांत तो जेवढा भरेल तेवढ्यावर पुढची धाव करायची असते. भरण्याचं काम प्राणवायूवर चालतं, म्हणून स्प्रिंटच्या खेळालाही दम लागतो.

तो मोजण्याच्या दोन चाचण्या सर्वांना ठाऊक आहेत. माँट्रियलच्या ल्युक लेजे यांनी १९८० च्या दशकात बसवलेली २० मीटरांची ‘बीप टेस्ट’ न थांबता धावायची असते आणि वेग पायरीपायरीने वाढत जातो. डेन्मार्कच्या येन्स बँग्सबो यांच्या ‘यो-यो’ चाचणीत २० मीटर जाऊन परत आल्यावर १० सेकंद सावकाश चालायला-धावायला मिळतात. २०१७ नंतर भारतीय क्रिकेट संघाच्या निवडीमुळे तिचं नाव मराठी घरांत पोचलं. त्या वेळी गाजलेली १६.१ ही पातळी म्हणजे एकूण ११२० मीटर धाव. बास्केटबॉलसाठी यो-यो अधिक जवळची आहे, कारण तिच्यात खेळासारखाच थांबा आहे, वळण आहे. शिवाय २० मीटरांचा धावण्याचा पट्टा आणि मागचा ५ मीटरांचा विश्रांतीचा पट्टा एका कोर्टच्या लांबीत बसतो.

वाढतं वय, न वाढलेला न्याय

आपल्याकडे मोजमाप कमी नाही. खेलो इंडियाच्या शालेय तपासणीत ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, लवचीकपणा, पुश-अप अशा चाचण्या आहेत. राज्याच्या क्रीडा प्रबोधिन्यांच्या निवडीत ३० मीटर धाव, ६ बाय १० मीटर शटल, उभी लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर हे प्रकार वर्षानुवर्षं आहेत. सर्वसाधारण क्षमता पाहण्यासाठी हे ठीक आहे. अडचण येते ती निकाल लावताना.

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांची चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. पण हे सरासरीचं वय आहे. कोणी दोन वर्षं आधी वाढतो, कोणी दोन वर्षं नंतर. तेरा वर्षांच्या दोन मुलांत एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून लहान दिसतो. त्या दिवशी पहिला जास्त उडतो आणि जास्त पळतो. चार वर्षांनी चित्र बदललेलं असू शकतं. वाढीच्या ऐन भरात लांबलेल्या हातापायांवर ताबा राहत नाही आणि सहा महिन्यांपूर्वीची चांगली वेळ अचानक घसरते. त्या मुलाला आळशी म्हणणं अज्ञानाचं आहे. दर तीन महिन्यांनी उंची नोंदवली असेल तर प्रशिक्षकाला कारण समोरच दिसतं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक चाचणी मी अत्यावश्यक मानतो. बास्केटबॉलमध्ये गुडघ्याचा पुढचा क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दुप्पट ते चौपट असतो, आणि अनेकदा ही दुखापत कोणाचा धक्का न लागता, उडीनंतर खाली येताना होते. ३० सेंटिमीटर उंचीच्या खोक्यावरून खाली येऊन लगेच वर उडी मारायला सांगायचं आणि समोरून चित्रीकरण करायचं. टेकताना गुडघे आत वळत असतील तर आधी ते दुरुस्त करायचं, स्प्रिंट नंतर. फुटबॉलसाठी तयार झालेला ‘फिफा ११+’ हा वॉर्म-अप इटलीतल्या बास्केटबॉलपटूंनी वापरला तेव्हा त्यांच्या दुखापती कमी झाल्या. त्याला पैसे लागत नाहीत, पंचवीस मिनिटांच्या आत तो होतो.

सिमेंटच्या कोर्टवर

महाराष्ट्रात बास्केटबॉल बऱ्याच अंशी उघड्या सिमेंटच्या कोर्टांवर वाढला. मुंबईच्या नागपाड्यातल्या नागपाडा नेबरहुड हाउस आणि मस्तान वायएमसीए या क्लबांनी पिढ्यान् पिढ्या खेळाडू दिले; १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर त्याच मोहल्ल्याचे. पुण्याच्या शिरीन लिमये भारतीय महिला संघापर्यंत पोचल्या. अशा जागांसाठी प्रयोगशाळेची वाट बघण्याची गरज नाही. फीत, खडू, सहा शंकू, एक फोन आणि एक वही एवढ्यावर वर सांगितलेलं सगळं होतं.

शिस्त मात्र हवी. चाचण्या दोन दिवसांत विभागाव्यात: पहिल्या दिवशी उंची, वजन, उडी, २० मीटर, ५-०-५, दुसऱ्या दिवशी रेषांची धाव किंवा यो-यो. दर वेळी तेच कोर्ट, तीच वेळ, तोच वॉर्म-अप, तेच बूट. उन्हाळी शिबिरात दम मोजायचा तर सूर्य वर येण्याआधी. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात दुपारची बीप टेस्ट धोकादायक असते आणि तिचा आकडाही निरुपयोगी असतो. ताप येऊन गेलेल्या, उपाशी आलेल्या किंवा गुडघा दुखणाऱ्या मुलाची चाचणी पुढे ढकलावी. वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नये. किशोरवयीन मुलींच्या मनावर त्याचा ओरखडा वर्षानुवर्षं राहतो. तुलना करायचीच तर गार्डची गार्डशी आणि सेंटरची सेंटरशी, आणि सर्वांत आधी प्रत्येकाची त्याच्याच मागच्या नोंदीशी.

वर्षातून तीनदा पुरे: हंगामाच्या आधी, मध्ये आणि शेवटी. त्याहून महत्त्वाचा आहे चाचणीनंतरचा आठवडा. आकडे कपाटात गेले तर मुलांचा घाम वाया गेला. प्रत्येकाला त्याचा निकाल समजावून सांगणं, पुढच्या दोन महिन्यांचं एक नेमकं काम देणं आणि त्या कामाचा परिणाम पुन्हा मोजणं, इथपर्यंत गेलं तरच चाचणी पूर्ण झाली असं मी मानतो.

पालकांनीही यात लक्ष घालावं. मुलगा किंवा मुलगी निवड चाचणी देऊन आली की कितवा नंबर आला हे विचारून थांबू नका. सरांना तीन गोष्टी विचारा: काय काय मोजलं, त्यात माझ्या मुलाचं कच्चं काय निघालं, आणि ते सुधारण्यासाठी उद्यापासून काय करायचं. तिन्हींची उत्तरं देणारा प्रशिक्षक मिळाला तर संघात नाव आलं नाही तरी मुलाला त्याच्याकडेच ठेवा. आणि उत्तरं मिळाली नाहीत तर तो निकाल मुलाच्या क्षमतेबद्दलचा शेवटचा शब्द मानू नका, कारण त्या दिवशी मोजमाप अर्धवटच झालं होतं.